ढेकरांची चौकशी

मुलांनो, मांडी घालून बसा. आत्ताच जेवून आलेल्यांनी जरा मागं सरका, कारण ही गोष्ट ढेकरांची आहे.

एका जंगलात भलतंच उकडायला लागलं. सिंहमहाराजांच्या गुहेतसुद्धा उकडायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी सुरू झाली. कोल्हेरावांच्या समितीनं सांगितलं, हा सगळा ताप रवंथ करणाऱ्यांच्या पोटातल्या वायूमुळं आहे.

समितीत सगळी गाढवं. ती नाकं दाबून गुरांच्या शेपट्यांमागं उभी राहिली.

भुरी म्हशीला हसू आलं. गुरांचा हा वायू तर ढेकरातून, तोंडावाटे जातो! पण ती गप्प बसली. तिचं रेडकू, टिल्या, नुकतंच रवंथ करायला शिकलं होतं. उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.

एका शहाण्या बैलाला मात्र राहवलं नाही. "अहो, चुकीच्या टोकाला उभे आहात!"

झालं! रवंथाला बसलं की तोंडाला घट्ट मुसकं, असा हुकूम सुटला.

टिल्याचं पोट ढोलासारखं फुगलं. त्याला श्वास घेता येईना. भुरीचा जीव खालीवर झाला. तिनं शिंगानं मुसकं फाडलं. टिल्यानं असा ढेकर दिला, की कोल्हेरावांच्या मिश्या मागं वळल्या.

"काढा या कार्ट्याला जंगलाबाहेर!"

"अहो भावजी, बाहेर लांडगे टपलेत!" भुरी रडकुंडीला आली. "आमच्यापुढं नुसता वाळका कडबा टाकता. तो पोटात कुजत बसतो, मग वायू होणारच की! कोवळा हिरवा चारा घाला, ढेकर कमी होतील."

"हिरवा चारा अभ्यासासाठी राखलाय, वहिनी."

"कोण करतंय अभ्यास?"

पलीकडच्या कुरणात गाढवं माना खाली घालून अभ्यास करत होती. तोंडं हिरवीगार.

भुरीनं नाक ओढलं. "मग माझ्या टिल्यालाही बसवा अभ्यासाला. ढेकरांची समिती, आणि ढेकर देणारं त्यात एकही नाही! महाराजांनी विचारलं तर काय सांगाल?"

कोल्हेराव चपापले. टिल्या त्याच दिवशी सभासद झाला.

हिरवं खाऊन त्याचे ढेकर खरंच कमी झाले. कोल्हेरावांनी भर दरबारात सांगितलं, "महाराज, सभासद झालं की वायू घटतो."

महाराज खूश झाले. त्यांनी समितीसाठी आणखी एक कुरण राखलं आणि उरलेल्या गुरांसाठी आणखी कडबा मागवला.

तात्पर्य : लेकराला काय खायला घालावं याची फार काळजी करू नये, त्याला समितीत घालावं.