चाकांवरचा बंगला

अख्ख्या मावळात बैलगाडीवर बंगला बांधणारा पहिला माणूस मी. (दुसरा अजून झालेला नाही. का, ते पुढं कळेलच.)

लोणावळ्याच्या मालधक्क्यावर मी कारकून. साहेबाच्या मासिकात घोड्यांनी ओढायच्या घराचं चित्र पाहिलं आणि ठरवलं, मेहुण्याच्या लग्नाला तिकोणा पेठेला जायचं तर असंच! कारण आमचे साडू दत्तोबा. थोरला जावई मी. पण मागच्या लग्नात हा धाकटा मोटारीतून उतरला आणि मानाचा पहिला फेटा त्याच्या डोक्यावर गेला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. औंदा फेटा मिळाला नाही, तर सासुरवाडीला तोंड कसं दाखवायचं?

सुताराकडून गाडीवर फळ्यांची झकास खोली करवली. वर पत्रा, खिडकीला पडदा, मागं पलंग, ट्रंका, पाण्याचं पिंप, शेगडी. सगळं खिळ्यांनी ठोकून पक्कं! (घर म्हटल्यावर सामान हलता कामा नये, हे मीच बजावलं होतं.)

"अहो, जड तेवढं सगळं मागंच?" आमची झुंबर म्हणाली.

"पुढं दिवाणखाना आहे. तुला नाही कळायचं."

बैल राजमहंमदचे. तो कासरा धरून पुढं चालणार होता. झुंबर पलंगावर बसली. मी मागच्या दारातून ऐटीत आत पाऊल टाकलं, आणि पुढचा दिवाणखाना आभाळाकडं निघाला! गाडीचा मागचा भाग जमिनीला टेकला, पुढचं जू वर गेलं, बैलांच्या माना ताणल्या.

"भाऊ, गाडी उलाळ झाली!" राजमहंमद ओरडला. "भाईर या! जुवापाशी बसा!"

बसलो. बंगला सरळ झाला. उठलो. बंगला उलाळ. सामान पुढं सरकवावं, तर खिळे हलेनात. (सुतार प्रामाणिक निघाला, नशीब माझं.)

दुधिवरे खिंडीचा सगळा चढ मी जुवापाशी बसून पार केला. डोक्यावर ऊन, तोंडावर बैलाच्या शेपटीचे फटके. आतून आवाज आला, "अहो, काय गार वारा येतोय हो खिडकीतनं! च्या घेता?" पण वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं घरं सोडून बघायला धावली. खोटं कशाला सांगू, छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटलं.

पेठेत पोचलो, तर दत्तोबांची मोटार ओढ्यात रुतलेली आणि साडू जोडे हातात घेऊन चिखलाचे पाय धूत होते. वा! सासूबाई कस्तुराबाई सगळ्या बायकांना घेऊन बंगला बघायला थेट पलंगापर्यंत घुसल्या.

"जावईबापू, उतरा की! पयला फेटा तुमचाच!" सासरे म्हणाले.

"आबा, मी उतरलो तर सासूबाई उताण्या पडतील!"

मग नवरदेवाच्या मामांनी जुवापाशीच फेटा बांधला. पहिला! लाल, जरीचा! दत्तोबा बघत राहिले. आयुष्यात एवढा ताठ मी कधी बसलो नव्हतो.

संध्याकाळी ठरलं, वरात बंगल्यातूनच काढायची. नवरा-नवरी पलंगावर, पुढं मी, फेट्यासकट. सासऱ्यांना दया आली. "आरं, जावयाला किती वेळ बसवताय? तितं भाताचं पोतं ठिवा एक."

खिडकीचा पडदा सरकवून झुंबर म्हणाली, "नगं आबा! पोतं चढवायला दोन गडी लागत्यात. ह्ये आपले आपण चढत्यात."