दोन घरांत एक लेकरू

लेकरू हा संसाराचा कळस होय. आणि कळसावर दोघांना बसायला जागा नसते. हेच सत्य कोंडाआत्यांनी पंचशीलाला तिच्या लग्नातच सोप्या भाषेत सांगितलं होतं, "लेकरू झालं की नवरा-बायकू बोलत न्हाईत पोरी. नुसते निरोप धाडतेत." पंचशीला हसली होती. ती बी.ए. होती. (कोंडाआत्यांना नऊ लेकरं होती, पण पदवी नव्हती.)

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा एका कचेरीत खुर्च्या यायच्या होत्या, पाऊसही यायचा होता. पाहणीचे छापील अर्ज मात्र वेळेवर आले. विषय : मूल असलेल्या व नसलेल्या दांपत्यांचे वैवाहिक समाधान. तिथले कारकून श्रीमंत यांनी चाळीस घरांचं काम बायकोवर, म्हणजे पंचशीलावर, सोपवलं. कारण ती घरी बसूनच असते. (आठ महिन्यांची सुजाता कडेवर, पाणी दोन गल्ल्यांवर. याला बसून असणे म्हणतात.)

लेकरं असलेल्या तीस घरांपैकी अठ्ठावीस घरं समाधानी निघाली. त्यातल्या बावीस नवऱ्यांनी उत्तर बायकोला विचारून दिलं. दोन घरं म्हणाली, टँकर आल्यावर सांगतो. लेकरं नसलेल्या नऊ घरांत शेजारचे व्यंकटी आणि तारामती पहिले आले. बारा वर्षांत एकही भांडण नाही.

चाळिसावा अर्ज पंचशीलाचा स्वतःचा. प्रश्न सातवा : पती-पत्नींमध्ये अपत्याखेरीज इतर विषयावर शेवटचे बोलणे केव्हा झाले? तीन दिवस ती पेन धरून बसली. उत्तर महिन्यांत लिहावं लागेल की काय, या विचारानं ती पुन्हा पेनाला टोपण लावी.

टँकरवर माणशी दोन घागरी मिळत, कडेवरचं माणूसही माणूसच धरून. म्हणून पंचशीलाचा नंबर झाला की तारामती सुजाताला मागून नेई, आणि रांगेत उभी राही. (नव्या जिल्ह्याची लोकसंख्या अशीही वाढली.)

त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. लेकरू टँकरवर गेलं आणि हे दोघं घरात समोरासमोर बसले, बसस्टँडवर अनोळखी माणसं बसतात तसे.

"सुजाचं दूध..." श्रीमंत म्हणाला आणि थांबला. सुजा नव्हती. मग त्याची नजर पडली. "हाताला काय झालंय गं?"

"भाजलंय. तीन आठवडे झाले."

"मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. सुजाला. तुमच्यासमोर."

श्रीमंत ओशाळला, उठला, मलम शोधत त्यानं सगळं घर धुंडाळलं. मलम सापडलं नाही, बोलणं सापडलं. तासभर चाललं. मग एकदम पंचशीला दचकली. टँकर केव्हाच गेला होता. लेकरू आलं नव्हतं.

ती पळाली. तारामतीच्या घरातून कल्ला ऐकू येत होता.

"सांग गं सुजाबाई तुझ्या काकाला, टोपडं उलटं घातलंय म्हणावं!"

"आन् तुझ्या काकूला इचार, काजळ कानापर्यंत कुणी फासलं!"

"ताई, काय झालं?" पंचशीलानं दारातूनच विचारलं.

"भांडायलोत," तारामती म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "बारा वर्षांत पहिल्यांदा. बाई, हिला अर्ध्या घंट्यानं नेतीस का?"

पंचशीलानं सातव्या प्रश्नापुढं 'आज' असं लिहिलं. व्यंकटी-तारामतीच्या अर्जावर मात्र पूर्वी समाधानी लिहिलेलं खोडावं की दोनदा लिहावं, हे तिला ठरवता आलं नाही. शेवटी तिनं शिफारस जोडली : दर दोन घरांत एक लेकरू असावे, पाळीपाळीने. (कचेरीनं ती टंचाई निवारणाच्या फायलीत लावली.)

शिफारशीखाली तिनं वाचणाऱ्यासाठी आणखी दोन ओळी लिहिल्या : ज्या शेजारच्या घरातून बरेच दिवस भांडणाचा आवाज आला नसेल, तिथं आजच जाऊन दार वाजवावे, माणसं बरी आहेत का बघावे. आणि जायला निघताना तेच शेजारी तुमच्या दारात उभे दिसले, तर बुचकळ्यात पडू नये. तेही त्याच कामाला आलेले असतील.