इंदुरीला उतरलेले बाराशे क्रिकेटपटू

योजना आखावी ती चिंतामणी सरांनी, असं तळेगावच्या आमच्या शाळेत म्हणतात. (बहुतेक वेळा मीच म्हणतो.)

इंग्लंडमधल्या एका आजीबाईंकडून मी त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा क्रिकेट कार्डांचा मोठा संग्रह विकत घेतला. बाराशे कार्डं! त्यात तो एक यष्टिरक्षक होता. त्याच्यावाचून माझा शाळकरी वयापासूनचा संच अडला होता. पण आमच्या वासंतीनं बजावलं होतं, "आणखी एक कार्ड घरात आलं तर मी माहेरी!" म्हणून पत्ता दिला इंदुरीच्या शालूबाईंचा. आमचा वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्याकडूनच येतो. तांदळाच्या पोत्यात कार्डं आली तर कोणाला कळणार!

खोकं आलं नेमकं पितृपंधरवड्यात. मी इंदुरीला धावलो. ओसरीपासून गोठ्यापर्यंत कार्डंच कार्डं वाळत घातलेली आणि प्रत्येकाच्या कपाळाला गंध!

"मावशी! हे काय केलंत?"

"काय म्हंजे? खोक्यात चिठ्ठी व्हती, समीक्षानं वाचून दावली." नात दाराआड सरकली. "बाई लिवतीया, मालक गेलं, लेकरू न्हाई, हीच त्येंची मान्सं. मग तितं कोन घास घालनार, सर? आज आमची तिथ. खीर केली, वडं केलं. कावळा लगीच शिवला बगा!"

"अहो, यातले निम्मे जिवंत आहेत!"

"आसूंद्या की! आविष्य वाढंल त्येंचं."

यष्टिरक्षक सापडला. गंध ओघळून पार ग्लोव्हजपर्यंत, वर एक काळा तीळ. उघड्या बोटानंही ज्याला शिवायचं नाही, ते कार्ड! मला अक्षरशः रडू आलं.

"आन् ह्ये थोरलं पान आर्थररावांचं," शालूबाई म्हणाल्या.

"कोण आर्थरराव?"

"आवं, ज्येंची कार्डं घेतली त्ये!"

एकेका कार्डाची स्थिती मी सतरा वेळा विचारली होती. ज्यानं जन्मभर ती जपली, त्याचं नाव काही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. पानाला हात जोडले, आणि यष्टिरक्षक गंधासकट संचात लावला.

आजीबाईंना सगळं खरं खरं कळवलं, फोटोही पाठवला. उत्तर आलं: "आर्थरची आणखी दोन हजार माणसं माळ्यावर आहेत. फुकट पाठवते आहे, पण शालूबाईंना. खोकी जड आहेत, तेवढी उचलायला तुम्ही जा."