आप्पांच्या नावाची चाचणी

सिरसाळ्याच्या अमरनाथला आपल्या वेबसाइटचा भारी अभिमान. लिंगायत समाजात कुणी लिंगैक्य झालं, म्हणजे वारलं, की बातमी क्षणात सगळ्यांच्या मोबाइलवर! शिवाय साइट बंद न करता तिच्यातलं हवं ते बदलता येतं, असं तो छातीठोकपणे सांगे.

त्या सकाळी त्याने सेटिंगमध्ये ‘चाचणी’ चालू केली. म्हणजे निरोप फक्त त्याच्याच मोबाइलवर येणार. पण मयताच्या बातमीत नाव कुणाचं घालायचं? किराणा दुकानात शेंगदाणे तोलणारे त्याचे वडील, शिवलिंगप्पा ऊर्फ आप्पा, म्हणाले, “माजं घाल. वाईट कुणाला वाटायचंय? सख्ख्या भावाच्या लेखी मी कवाच गेलोय.”

उमापूरला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ मृत्युंजय वाटणीनंतर या दाराची पायरी चढला नव्हता. आप्पा हसत बोलले, पण ते त्यांना फार लागलेलं होतं.

सेटिंग बदललं होतं खरं. पण साइट ते फक्त सुरू होताना वाचायची, आणि ती तर आधीपासून सुरूच होती! बातमी गावोगाव गेली. थोड्याच वेळात दुकानापुढे हार घेतलेली माणसं जमली. शेजारच्या जानकीबाईंनी दारातच हंबरडा फोडला, आणि गल्ल्यावर आप्पांना पाहून दुसरा, पहिल्याहून मोठा!

विभूतीची पिशवी घेऊन अंत्यविधीसाठी स्वामी आले.

“कोन गेलं, स्वामी?” आप्पांनी गंभीरपणे विचारलं.

“तुमीच की, आप्पा! गडी खड्डा खांदायलेत!”

अमरनाथने घाईघाईने साइट बंद करून पुन्हा सुरू केली आणि ‘आप्पा सुखरूप आहेत’ असा निरोप सोडला. आता मात्र साइटने सेटिंग इमानदारीत वाचलं होतं. निरोप त्याच्या एकट्याच्याच खिशात वाजला. माणसं येतच राहिली. जो येई तो आप्पांना हात लावून बघे आणि मग रडे. आप्पा प्रत्येकाला बसवत होते, चहा देत होते आणि पुन्हा रस्त्याकडे बघत होते.

शेवटी अमरनाथला चूक उमगली. त्याने ‘चाचणी’ काढली, साइट पुन्हा सुरू केली, निरोप लिहिला. बटण दाबणार तोच आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब.”

“कावून, आप्पा? लोक लई रडायलेत!”

“रडू दे की.” आप्पा रस्त्याकडेच बघत होते. “उमापूरहून यायला येळ लागतो.”