पाणवठ्यावरचा नवा प्रोसेसर

एका जंगलात पाणी थोडं होतं आणि पिणारे फार होते. नीट बसा, मुलांनो. मध्ये बोलायचं नाही. मी गोष्ट एकदाच सांगतो.

उन्हाळ्यात तिथले सगळे ओढे आटायचे. एकच पाणवठा उरायचा. मग सगळे तिथेच यायचे. चितळं पाणी प्यायला यायची. बिबट्या खायला आणि प्यायला, दोन्ही कामांसाठी यायचा.

म्हणून जंगलाने शहरातून एक कॉम्प्युटर आणवला. तयार डबा. कंपनीने आत सगळं बसवून, वरून झाकण लावून दिलेला. पाणवठ्याच्या काठी अर्जुनाचं जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत तो ठेवला. वीज कुठून आली, असं विचारू नका. बोधकथेत वीज असते आणि ती जातही नाही. त्यावरूनच ओळखा की ही गोष्ट आपल्याकडची नाही.

कोणाला तहान किती, कोण कोणाला खातं, हे सगळं डब्याला ठाऊक होतं. हिशेब करून तो बारीक आवाजात पाळी पुकारायचा. "चितळं, उतरा." मग "चितळं, वर या." मग "बिबटे, उतरा." तो कोणाची बाजू घेत नव्हता. सगळे जिवंत घरी जायचे.

डब्याचा कारभारी होता केरबा अस्वल. वयाने थोर, केसाने दाट, बोलण्यात तुटक. दिवसभर ढोलीत बसून डब्याकडे बघायचं, हे त्याचं काम. ते दुसऱ्या कोणालाही जमणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तो शाळेत गेला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. शाळेत गेलेले त्याने पाहिले होते.

काही वर्षांनी डबा थकला. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. ते फिरत असलं की पाळी तोंडातच अडकायची. केरबा चक्राकडे रागाने बघायचा. चक्र घाबरायचं नाही.

एका संध्याकाळी चितळं पाण्यात उतरली आणि डबा अडकला. 'वर या' हे शब्द बाहेरच पडेनात. बिबट्या आपल्या नेहमीच्या वेळेला आला. समोर मंजुळा चितळीचं पाडस. बिबट्याने झेप घेतली, पण चिखलात त्याचा पाय घसरला. त्याच्या पंजात पाडसाच्या शेपटीचे केस तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

"केरबाभाऊ," मंजुळा म्हणाली, "माझं लेकरू वाचलं ते चिखलामुळे. तुमच्या डब्यामुळे नाही."

रंगोबा तरस हसला. तो नेहमीच हसायचा, पण या वेळी कारण होतं. "डबाही म्हातारा, डब्याजवळचाही म्हातारा. कारभार माझ्याकडे द्या. मधेच कुठे गोंधळ झाला, कोणी पडलंबिडलं, तर पुढची साफसफाई मी बघून घेईन."

तरसाची साफसफाई म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी निम्म्यांनी माना डोलावल्या. सभा अशाच असतात. ठरलं असं, की पौर्णिमेला पाळी सुरळीत चालली तर ठीक. नाही तर कारभार रंगोबाचा.

कारभार गेला तर उद्यापासून आपल्याला कोणी नमस्कार करणार नाही, हे केरबाच्या मनात आधी आलं. पाडसं नंतर आली. हा क्रम त्याचा त्यालाच आवडला नाही.

तो तडक चिंधू माकडाकडे गेला. चिंधूचं वडाखाली दुकान होतं. कॉम्प्युटरचे सुटे भाग तिथे मिळत.

"डबा अडकतो," केरबा म्हणाला.

"प्रोसेसर बदला, काका. तो डब्याचा मेंदू. मेंदू जलद आला की डबा धावेल."

"दे. सगळ्यात मोठा दे."

"देतो. पण प्रोसेसर ज्यावर बसतो तो आतला बोर्ड कुठला आहे?"

"कंपनीचा."

"तसे सगळेच कंपनीचे असतात हो. बोर्डावर नंबर छापलेला असतो. तो सांगा. कुठला प्रोसेसर त्याला चालतो ते मी बघतो. तयार डब्यातले बोर्ड फार हट्टी. ठरावीक पिढीचेच प्रोसेसर ओळखतात. दुसरा आला तर दारात उभा करत नाहीत. आणि तो वीज किती खाईल, तेही बघावं लागतं."

केरबाचे केस उभे राहिले. मुलांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जंगलातली निम्मी लग्नं केरबाने जुळवली होती. त्याची पद्धत सोपी होती. घराणं बघायचं, उंची बघायची. बाकीचं लग्नानंतर आपोआप जुळतं. जुळलं नाही, तरी कोणी परत येऊन त्याला सांगत नव्हतं. त्याला वाटायचं, जुळलं.

"नंबर तू मला विचारतोस?" तो म्हणाला. "तुझ्या बापाचं लग्न कोणी जमवलं?"

"तुम्हीच, काका."

"नंबर विचारला होता?"

"नव्हता. म्हणून तर आई बाहेरच्या फांदीवर राहते." चिंधूने हात जोडले. "काका, इथे लग्नानंतर जुळत नाही. एखादा खाचेत नीट बसतो आणि तरी चालत नाही. आणि दिलेला माल मी परत घेत नाही."

"परत कोण आणतोय?" केरबा म्हणाला. मधाचं एक पोळं ठेवून, प्रोसेसर बगलेत मारून तो निघाला.

पौर्णिमेच्या दुपारी त्याने ढोलीत डब्याचं झाकण काढलं. बायको शेजारी बसली. तिचं नाव सारजा. ती कमी बोलायची असं नाही. तो कमी ऐकायचा.

"अहो, कोणाला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात?"

त्याने जुना प्रोसेसर उचलून बाहेर काढला. गवताची एक काडी त्याच्या कडेला लावली आणि बरोबर तेवढी तोडली. मग ती काडी नव्याला लावली. माप तंतोतंत. खाचा बघितल्या. खाचेला खाच जुळत होती. वर कंपनीचं नाव होतं. त्याला ते वाचता येत नव्हतं, पण दोन्हीकडे अक्षरांचं वळण सारखं होतं.

"घराणं एक, अंगकाठी एक," तो म्हणाला. "अजून काय पाहिजे?"

"बोर्डाला विचारलंत का?"

"बोर्डाला काय विचारायचं?"

"मलाही कोणी विचारलं नव्हतं," सारजा म्हणाली.

हे त्याला ऐकू आलं नाही. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याला लावायला चिंधूने पुडीत पांढरं मलम दिलं होतं. ते त्याने आधी चाटून बघितलं, मग लावलं. नवा प्रोसेसर खाचेत ठेवला आणि पट्टी दाबली. टक्. असा बसला की जणू तिथेच जन्मला होता. केरबाने सारजाकडे बघितलं. बायकोकडे असं बघायला मिळावं म्हणून पुष्कळ नवरे पुष्कळ गोष्टी करतात.

"जुना जपून ठेवा," ती म्हणाली.

"जुनं घरात ठेवलं की नव्याला वाटतं आपला भरवसा नाही." त्याने ढोलीच्या तोंडाशी येऊन जुना प्रोसेसर सगळ्यांसमोर पाण्यात भिरकावला. डुबुक्. काठावर जमलेल्या जनावरांनी वाहवा केली. केरबा आत आला आणि त्याने बटण दाबलं.

पंखा गरगर फिरला. दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

"बोलत नाहीये," सारजा म्हणाली.

"नवी सून आहे. आल्या आल्या बोलेल का?"

"सून नाही बोलली तर चालतं. पाळी कोण पुकारणार?"

केरबाने बटण पुन्हा दाबलं. फुंकर मारली. डब्याला एक थापटी दिली, मग दुसरी जरा जोरात. प्रोसेसर जिथल्या तिथे होता. घट्ट बसला होता. बोर्ड त्याला ओळखच देत नव्हता.

बाहेर ऊन उतरलं. तहानलेली चितळं वाट बघून कंटाळली आणि पुकारा नसतानाच पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर बिबट्या येऊन बसला.

"काय केरबा," रंगोबा बाहेरून ओरडला, "मुहूर्त टळला का रे? मी झाडू घेऊन उभा आहे."

केरबाने डब्यात डोकं घातलं. बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत नंबर छापलेला होता. अगदी नाकासमोर. सगळ्या आयुष्यात त्याला पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकावंसं वाटलं ते आत्ता. ज्याचं ऐकायचं तो वडाखाली होता. आणि जुना प्रोसेसर तळाशी होता.

त्याने फटीतून बघितलं. मंजुळाचं पाडस सगळ्यात पुढे होतं. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. बिबट्याचं पोट जमिनीला लागलं. शेपटीचं टोक हललं.

"चितळं, वर या!"

ढोली हादरली. केरबालाही क्षणभर कळलं नाही की कोण ओरडलं. चितळं उधळून काठावर आली. बिबट्या दचकून बसला.

"बिबटे, थांबा! ... आता उतरा!"

बिबट्या निमूटपणे उतरला आणि पाणी प्यायला. मग केरबाने सांबरांना उतरवलं, रानडुकरांना उतरवलं, सगळ्यांना आपापल्या पाळीने वर काढलं. इतकी वर्षं तो डब्याशेजारी बसला होता. पाळ्या त्याला तोंडपाठ होत्या. आपल्याला काही येतं, हे त्याला आजच कळलं. त्याला वाटायचं, आपण नुसतेच थोर आहोत.

सगळ्यांचं पाणी पिऊन झालं. आता बाहेर जाऊन खरं सांगावं, असं केरबाने ठरवलं. एक पाय त्याने ढोलीबाहेर ठेवलासुद्धा.

"आवाज किती भरदार झालाय हो डब्याचा!" मंजुळा म्हणत होती. "केरबाभाऊ, काय प्रोसेसर बसवलात!"

पाय आत गेला.

"पहिला बारीक आवाजच बरा होता," रंगोबा म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तो न हसता घरी गेला. तरसांच्या घराण्यात असं आधी घडलं नव्हतं.

तेव्हापासून केरबा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ढोलीत बसून ओरडायचा. समोर डबा चालू ठेवायचा. पंख्याचा आवाज येत राहिला पाहिजे. मधाचा हंगाम आला आणि गेला. त्याला बाहेर पडता आलं नाही. घसा बसला. सारजा हळद घातलेलं गरम पाणी आणून द्यायची.

"अहो, सांगून टाका की."

"काय सांगू?"

"की तुम्हीच ओरडता म्हणून."

"मग कारभार जाईल."

"कसा जाईल? तुम्हीच तर चालवताय."

"डब्याचा कारभारी म्हणून मान आहे," केरबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ओरडणाऱ्याला कोण नमस्कार करतं?"

सारजाने भांडं उचललं. यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात रानडुकरांची पाळी आली.

एक दिवस चिंधू माकड आला. ढोलीत डोकावला. काळा पडदा बघितला. केरबाचा सुजलेला गळा बघितला. "चालला का, काका?"

"धावतोय," केरबा म्हणाला.

चिंधू हुशार दुकानदार होता. त्याने बोर्डाचा नंबर विचारला नाही. दुकानावर पाटी लावली, की पाणवठ्यावर गाजलेला प्रोसेसर इथे मिळतो. डोंगरापलीकडच्या जंगलातून एक म्हातारा गवा आला. तिथल्या पाणवठ्याचा तो कारभारी. त्यांचाही डबा तयारच होता आणि आताशा अडकत होता. प्रोसेसर घेण्याआधी तो केरबाचा सल्ला घ्यायला आला.

"आमच्या बोर्डाला जुळेल ना?" गव्याने विचारलं.

खरं सांगायची ही आणखी एक संधी होती. केरबाने गव्याकडे बघितलं. रुंद छाती. भक्कम मान. गळा उत्तम.

"तुम्हाला जुळेल," केरबा म्हणाला.

गवा खूश होऊन गेला. चार संध्याकाळी शांत गेल्या. पाचव्या संध्याकाळी केरबा एक पाळी पुकारून दम खात होता, तेव्हा डोंगरापलीकडून एक मोठा, दमलेला, म्हातारा आवाज आला.

"सांबरं, वर या!"

सारजाने कान टवकारले. "कोण हो ते?"

"त्यांच्याकडेही बसला वाटतं," केरबा म्हणाला आणि चितळांना उतरवायला लागला.

तात्पर्य : तयार डब्यासाठी नवा प्रोसेसर घेताना तो आतल्या बोर्डाला चालतो का, हे तपासत बसू नये. डब्यामागे बसणारा म्हातारा तपासावा. त्याचा गळा शाबूत असेल आणि मान मोडेपर्यंत चूक कबूल करण्याची त्याला सवय नसेल, तर कुठलाही प्रोसेसर कुठल्याही डब्याला चालतो.

उठा आता. आणि डबा कसा काय बोलतो, असं घरी जाऊन कोणाला विचारू नका. घरोघरी कोणीतरी ओरडत असतं.