खोलीच्या तापमानाला

मल्लिनाथअण्णांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माझ्या मुलीच्या लग्नात सगळी पंगत बोटं चाटत असताना अण्णा हात धुता धुता म्हणाले, "चालंल." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हयात असताना त्यांच्या हुग्गीलाही हाच शेरा. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. काकूंच्या हातची खाऊन माणूस तिथंच आडवा व्हायचा.

हा स्वभाव त्यांना धंद्यानं दिला. सगळा जन्म मार्केट यार्डात ज्वारीची खरेदी करण्यात गेला. पोत्यातले चार दाणे तोंडात टाकायचे, दाढेखाली फोडायचे, थुंकायचे आणि चेहरा मख्ख ठेवायचा. "माल चांगला म्हणलं की भाव चढला, सर," असं ते मला सांगत. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे ऐकून घेण्याची सवय आहे. दुकान बंद झालं तरी अण्णांची खोड गेली नाही. चहा, कलिंगड, मुलाचा निकाल, सगळ्याला 'चालंल'.

अण्णा मूळ अक्कलकोटकडचे. घरात कन्नड बोलतात, पण कशाची पारख करायची वेळ आली की आपोआप यार्डातल्या मराठीवर येतात.

त्यांचा एकुलता एक बसवराज ऑस्ट्रेलियाच्या पार खाली, टास्मानिया नावाच्या थंड बेटावर असतो. तिथं तो वाईन बनवतो. अण्णांच्या घराण्यात कुणी थेंबालाही शिवलेलं नाही, त्यामुळे कुणी विचारलंच तर "पोरगं द्राक्षात हाय" एवढंच ते सांगायचे. यंदा मे महिन्यात बसवराजनं एका मित्राबरोबर लाल वाईनची बाटली धाडली. तीन जातींच्या काळ्या द्राक्षांचं मिश्रण, पहिल्यांदाच सगळं त्याच्या मनानं जमवलेलं. निरोप होता, 'अण्णा, पिऊ नका, पण चव बघून सांगा. संध्याकाळी फोन करतो.'

"त्यांच्यातबी पारखणारी मानसं थुंकतेत म्हणं," अण्णा मला म्हणाले. "मग आपल्याला काय अडचण?"

लेबलवर लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला प्यावी. अण्णा आज्ञाधारक. त्यांनी बाटली दुपारभर आपल्या खोलीत ठेवली. मे महिन्यातली सोलापुरातली खोली, वर तापलेला स्लॅब. मग स्टीलच्या पेल्यात ओतून घोट तोंडात घोळवला, मोरीत थुंकला आणि बाटली घेऊन थेट माझ्या दारात आले.

"बिघडलीया, सर. गरम काढ्यावानी लागती. आता त्याला काय सांगू? खोटं बोलता येत न्हाय, अन् खरं सांगितलं तर मोडंल की पोरगं."

कुणाच्या मनाची एवढी काळजी करताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. लेबल वाचलं आणि हसू दाबत म्हणालो, "अण्णा, खोली म्हणजे तिकडची खोली. सोळा-सतरा डिग्रीची."

"सोळा?" अण्णांना पटेना. "घरात?"

एसीनं हाडं धरतात म्हणून अण्णांनी तो कधी घेतला नाही. आमच्याकडे आहे. तो सोळावर लावला, बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली. बाहेर डांबर वितळत होतं आणि अण्णा माझ्या पलंगावर चादर गुंडाळून, कानाला उपरणं बांधून बसले होते. मी काचेच्या ग्लासात वाईन ओतली आणि थुंकायला पातेलं धरून उभा राहिलो.

त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "करवंद हाय." मग घोट घेतला, बराच वेळ घोळवला. मी पातेलं पुढं केलं. अण्णांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि घोट गिळला.

"मागनं मिरं येतंय," ते हळूच म्हणाले. "आंबूस हाय, पण दात आंबत न्हाईत. लई सबुरीनं केलंय पोरानं."

मी पातेलं खाली ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. बसवराज स्पीकरवर विचारत होता, कशी झालीय? 'चालंल' अण्णांच्या अगदी ओठांवर आलेला मला दिसला. तो त्यांनी परतवला आणि घरातल्या कन्नडमध्ये म्हणाले, "भाळ छलो आग्याद, बसू." फार चांगली झालीय.

पलीकडून घाबरा आवाज आला, मराठीत. "काका, तुम्ही आहात का तिथं? अण्णांना काय झालंय? खरं सांगा, दवाखान्यात आहेत का?"

"ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "वाईनच चांगली झालीय, बाबा."

बसवराजचा नाक ओढल्याचा आवाज आला. अण्णा फोनकडे बघत राहिले.

फोन ठेवला तेव्हा गारठ्यानं माझी बोटं आखडली होती. मी रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ द्या, सर," अण्णा म्हणाले. "पोरगं असल्या गारठ्यात ऱ्हातंय. मी कदी इचारलंच न्हवतं. जरा बसतो."