ओव्हाळ मॅडमची खरखर

आमच्या मजल्यावर दुधाची पिशवी उचलली की भोंगा वाजतो. सगळ्यांची नाही, फक्त ओव्हाळ मॅडमच्या दारावरची. त्यांनी दाराच्या हुकाला वजन कळणारी एक पट्टी लावली आहे. पट्टीची वायर दाराच्या फटीतून आत जाते आणि आत चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात खेळायच्या पत्त्याएवढा एक संगणक बसलेला असतो. पिशवी हुकावरून हलली की तो आधी ठणाणा करतो आणि मग फोटो काढतो. मॅडमचं म्हणणं असं, की कुणीतरी त्यांचं म्हशीचं दूध नेऊन तिथं गाईचं लटकवतं.

"कोण?" मी एकदा विचारलं.

"तेच तर शोधतेय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

या भोंग्याशी आमची ओळख पहिल्याच दिवशी झाली. आईचे गुडघे गेले म्हणून मी तिला औंढ्याहून लोणावळ्याला माझ्याकडे आणलं होतं. मी खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते. आई हळूहळू जिना चढून वर आली, शेजारच्या दारावर तिला एक पिशवी तिरकी लोंबकळताना दिसली, आणि तिनं ती नीट अडकवायला म्हणून हात लावला. मी वर धावत आले तेव्हा आई कानावर हात ठेवून उभी होती आणि दाराच्या साखळीएवढ्या फटीतून एक चष्मा तिच्याकडे बघत होता.

"नाव?" चष्म्यानं विचारलं.

"आगं बाई, म्या चोर न्हाई. पिशवी पडाया लागलती."

"पडायला लागली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

औंढ्यात अख्खं आयुष्य काढलेल्या माझ्या आईला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. संध्याकाळी मॅडमनी मला फोटो दाखवला. आईचं तोंड उघडं आणि हातात पिशवी. मी म्हटलं, काढून टाका हो तो. "पुरावा आहे," मॅडम म्हणाल्या, "असू दे."

विमल ओव्हाळ टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आधी ऑपरेटर होत्या, नंतर खात्याचीच परीक्षा देऊन मशिनरीवर गेल्या. त्यामुळे संशयाला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, फोनच्या लाइनीत यायची ती खरखर. भाजीवाला जास्त गोड बोलला की खरखर येते. हवामानाचा अंदाज सलग दोन दिवस बरोबर आला की खरखर येते. सोसायटीचे सेक्रेटरी शेखभाई, ज्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनी एकदा सांगितलं, की सकाळी पंप अर्धा तास चालवला. मॅडमनी टाकीत सोडलेल्या सेन्सरचा आलेख कागदावर छापून आणला. "एकोणीस मिनिटं. उरलेली अकरा कुठे गेली, शेखभाई?" शेखभाईंनी तेव्हापासून पंपाजवळ घड्याळ टांगलं आहे. मॅडमचा त्या घड्याळावरही विश्वास नाही.

हे छोट्या संगणकांचे बोर्ड त्या पुण्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणतात. शिकल्या कशा, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून. शिकवणारा मुलगा इंग्रजीत घडाघडा बोलत असतो आणि मॅडम त्याला मराठीत उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारत असतात. "आणि ही वायर चुकली तर? ते नाही सांगत तू." आमच्याकडे पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथं वायरिंगचं काय होणार? म्हणून त्यांच्या प्रत्येक खोक्यात तांदळाची एक पुरचुंडी असते. पर्यटक धुकं बघायला येतात. मॅडम धुकं आलं, की सगळ्या खोक्यांची झाकणं लावत फिरतात.

त्यांचा एक खटला तर चार महिने चालला. रोज पेपर टाकणाऱ्या माणसावर त्यांचा संशय होता, की हाच गॅलरीतली केळी पळवतो. शेवटी कॅमेऱ्यात चोर सापडला. माकड होतं. अगदी स्पष्ट, केळ्यासकट. मला वाटलं, आता पेपरवाल्याची माफी मागतील. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाल्या, "याला कुणीतरी शिकवलेलं आहे."

मी नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करते. पावणेआठला कंपनीची बस येते, घरी यायला संध्याकाळ होते. मधला सगळा वेळ आई एकटी. माझा डबा मी पहाटेच करून नेते, आई तिचा वरणभात अकराच्या सुमाराला सावकाश लावते.

काही दिवसांनी आई सांगायला लागली, "आशे, त्या म्याडमबाईला माज्यावर वहीम हाय."

"कसला?"

"काय ठाव? मधीच एखाद्या दिवशी सव्वाअकरा-साडेअकराला येती. दारात हुबी राहती. इचारती, कुनी आलतं का, कसला आवाज आला का. माज्या तोंडाकडं बघती, आत वाकून बघती आन् जाती."

"रोज येतात?"

"न्हाई. कवा येती, कवा न्हाई. एकादशीला आलती. परवा शिळी भाकर खाल्ली, त्या दिशी बी आलती."

आता मलाही खरखर यायला लागली. एकदा दुधाची पिशवी उचलली म्हणून या बाई माझ्या आईवर पाळत ठेवून आहेत की काय?

एका मंगळवारी संध्याकाळी मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमच्या आणि त्यांच्या गॅलरीत कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूच्या कठड्यावर मला एक चिक्कीचं खोकं दिसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. खोक्याला एक भोक होतं, आणि ते भोक थेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे रोखलेलं होतं. मी हात लांबवून ते वायरसकट उपटलं आणि त्यांच्या दारावर गेले.

"हे काय आहे?"

"बोर्ड."

"ते दिसतंय. आमच्या खिडकीकडे तोंड करून का आहे?"

"तुला याच्याबद्दल कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? यात माईक आहे ना?"

"आहे."

"म्हणजे तुम्ही आमचं बोलणं ऐकता!"

"बोलणं नाही ऐकत."

"मग काय ऐकता?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "ते सांगितलं तर तुम्ही वागणं बदलाल. मग मोजण्यात काही अर्थ उरत नाही."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. "माझी आई काय गुन्हेगार आहे? रविवारी मीटिंग बोलावते, तिथं द्या उत्तर." मॅडम एवढंच म्हणाल्या, "वायर अशी ओढायची नसते, सांधा तुटतो." मी खोकं घरी आणलं, कपाटात साड्यांच्या खाली टाकलं आणि शेखभाईंना फोन करून मीटिंगचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात. दुपारी बाराला सुपरवायझर स्वतः चालत आले. शेखभाईंनी ऑफिसच्या नंबरवर फोन केला होता. मी धावत जाऊन रिसीव्हर उचलला. "ताई, घाबरू नका. आई पडल्यात. पायाला लागलंय, पण शुद्धीवर आहेत. आम्ही दवाखान्यात आणलंय."

नवलाख उंबऱ्याहून लोणावळ्यापर्यंत मी काय काय विचार केले ते सांगत नाही. पोचले तेव्हा आईच्या पायाला घोट्यापासून वर प्लास्टर चढत होतं. घोट्याचं हाड मोडलं होतं. बाहेर शेखभाई उभे होते, त्यांच्या हातात अजून कटावणी होती.

"ओव्हाळ मॅडम धावत दुकानात आल्या," ते सांगायला लागले. "दोन पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणाल्या, कटावणी घ्या आणि चला. मी विचारलं, मॅडम, आज कुणावर संशय आहे? तर म्हणाल्या, कुणावर नाही. आवाज नाही. मला काही कळेना, पण त्यांचा चेहरा बघून मी दुकान तसंच टाकून निघालो. तुमच्या दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, उत्तर नाही. मग कडी मोडली."

आई न्हाणीतून बाहेर येताना घसरली होती. पडल्या पडल्या तिनं हाका मारल्या, पण आवाज बाहेर पोचला नाही, आणि मग तिला गरगरायला लागलं. प्लास्टर झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "आशे, दार मोडलं, म्याडमबाई आत आली, आन् पयल्यांदा काय म्हनली ठाव हाय? 'मावशी, कुणी ढकललं का?'" एवढ्या दुखण्यातही आईला हसू आवरेना.

मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"तीन शिट्ट्या," त्या एकदम म्हणाल्या. "मावशींच्या कुकरच्या. पावणेअकरा ते सव्वाअकरा. बोर्डाला फक्त शिट्टी ओळखायला शिकवली होती, बाकीचे आवाज तो टाकून देतो. सव्वाअकरापर्यंत शिट्टी झाली नाही, की माझा मोबाइल वाजतो. मग मी येऊन बघून जायचे."

"आणि आज? बोर्ड तर माझ्या कपाटात होता."

"आज गॅलरीत उभी राहिले. साडेदहापासून. सव्वाअकरापर्यंत शिट्टी नाही, दार वाजवलं तर कुणी उघडेना. कान आहेत मला अजून."

मी विचारलं, हे सगळं सरळ सांगायचं नाही का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवते आहे. "सांगितलं असतं, तर मावशी माझ्यासाठी म्हणून कुकर लावत बसल्या असत्या. एक्स्चेंजमध्ये आम्ही सकाळी पहिलं काम काय करायचो, तर लाइनी तपासायचो. तक्रार करणाऱ्या लाइनीचं काही वाटत नाही. जी गप्प असते, तिच्याकडे आधी माणूस पाठवायचा."

"मॅडम, तुमच्याकडे कोण येतं बघायला?"

त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "ते प्लास्टर मला नीट वाळलेलं वाटत नाही. घाई केली त्यांनी."

रविवारी मीटिंग झालीच नाही. मी खोकं परत नेऊन दिलं. तुटलेला सांधा मॅडमनी माझ्यासमोर जोडला आणि जोडता जोडता मला चार गोष्टी ऐकवल्या. मॅडमना भीती होती तसंच झालं. आई वॉकर धरून उभी राहायला लागली आणि तिनं वागणं बदललं. एकादशीलासुद्धा रताळी घालून बरोबर तीन शिट्ट्या करायची. "न्हाईतर ती बया पुन्यांदा कडी मोडंल," म्हणायची.

एक दिवस आईच म्हणाली, "आशे, तिच्या भित्तीला बी लाव की असलं एक खोकं. तिला कोन हाय?"

मी मॅडमकडे गेले. शिकवा म्हटलं. त्यांनी दहा प्रश्न विचारले. कशाला पाहिजे, कुणाच्या डोक्यातली कल्पना, त्यातला आवाज कुठे साठणार, फोन कुणाच्या नावावर आहे. मी सगळी उत्तरं दिली. मग त्यांनी दोन रविवार बसून मला बोर्ड लावायला शिकवलं. पण ऐकायचं काय, हा प्रश्न होता. मॅडम कुकर लावतच नाहीत. एकटीसाठी छोट्या पातेल्यात मूठभर भात करतात. टीव्ही नाही. मोठ्यानं फोनवर बोलणं नाही. त्यांच्या घरातून दिवसभरात एकच आवाज भिंतीपलीकडे यायचा. सकाळी सहाला त्या बुद्धवंदना म्हणतात, खणखणीत आवाजात. शेवटी माझ्या बोर्डाला तेच शिकवलं. सव्वासहापर्यंत वंदना ऐकू आली नाही, तर माझा मोबाइल वाजणार.

"माझ्यावर पाळत," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी स्वतःच भिंतीला कान लावून माझ्या बोर्डासाठी चांगली जागा शोधून दिली.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका शनिवारी मी पिठात हात घालून उभी असताना मोबाइल वाजला. सव्वासहा. मी भिंतीला कान लावला. काही नाही. मी तशीच कणकेच्या हातांनी, गाऊनवर बाहेर धावले आणि त्यांच्या दारावर दोन्ही मुठी आपटायला लागले.

दार उघडलं. मॅडम समोर उभ्या. व्यवस्थित साडी नेसलेल्या, केस विंचरलेले, हातात मनगटी घड्याळ.

"दोन मिनिटं दहा सेकंद," त्या म्हणाल्या.

"मॅडम! वंदना?"

"मनातल्या मनात म्हटली. यंत्रणा तपासायला नको? नुसतं लावून काय उपयोग?"

मी कणकेचे हात तसेच कमरेवर ठेवून ओरडणार होते. तेवढ्यात मागं ठक ठक आवाज आला. आई वॉकर ढकलत आमच्या दारातून बाहेर येत होती. प्लास्टर निघाल्यापासून तिनं अजून उंबरा ओलांडला नव्हता. पदर खांद्यावरून घसरलेला, धाप लागलेली.

"बाई गं," ती तिथूनच ओरडली, "माज्या जिवाचं पानी पानी झालं! काय झालं तुला?"

मॅडमनी घड्याळ मुठीत मिटलं. "काही नाही, मावशी," त्या म्हणाल्या, आणि एवढं बोलून पटकन वळून आत गेल्या. आम्ही दोघी आत शिरलो, तेव्हा त्या ओट्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि उगीचच चमचे पुसत होत्या.

शेगडीवर चहा उकळून तयार होता. शेजारी कप मांडलेले होते. तीन.